चार महिन्यांचं दूध

नर्मदाबाईंना एक खोड होती. दुसऱ्या कुणाला घेऊन दवाखान्यात गेल्या तरी डॉक्टरसमोर आधी आपलाच दंड पुढं करायच्या. "बघा बरं माझंबी," म्हणायच्या. पट्टा आवळला जायचा, फुस्स करून हवा सुटायची आणि डॉक्टर म्हणायचे, "आजी, ठणठणीत आहात." मग पुढचे आठ दिवस गावातल्या बायकांना तेच ऐकावं लागायचं. वय सहासष्ट, पाच बाळंतपणं, आणि अजून एक गोळी सुरू नाही. मिरवावंसं कुणालाही वाटेल, त्यांना एकट्यांना कशाला नावं ठेवायची?

त्या दिवशी पाथरीलाही तेच झालं. कापसाच्या वेचणीचे दिवस होते. सून राजेश्री आठवड्यापूर्वी वेचता वेचता भोवळ येऊन वावरातच पडली होती. आधी सगळ्यांनी उन्हावर ढकललं. मग गावातल्या आशाताईनं तिच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून यंत्राला लावला आणि आकडा बघून आशाताईचाच चेहरा उतरला. राजेश्रीचा नवरा, म्हणजे नर्मदाबाईंचा धाकटा लेक जीवन, मानवतच्या जिनिंग मिलवर कामाला. हंगाम सुरू झालेला, त्याला सुट्टी कुठली मिळतेय? म्हणून सासू-सून दोघीच जीपनं सोनपेठला आणि तिथून एसटीनं पाथरीला डॉक्टर उत्तरांकडं आल्या होत्या.

रिकाम्या पोटी शुगर दोनशे चाळीस. जेवल्यावर सव्वातीनशे. बीपी एकशे साठवर शंभर. वय वर्षं चौतीस.

"आणि आजींचं एकशे वीसवर ऐंशी," डॉक्टर हसून म्हणाल्या. "उलटंच आहे तुमच्या घरात."

नर्मदाबाई खुलल्या. पदर सावरून नीट बसल्या. आपल्या तब्येतीची कहाणी सांगायला त्या तोंड उघडणार, तेवढ्यात डॉक्टरांनी राजेश्रीला विचारलं, "दिवस गेले होते तेव्हा कधी शुगर निघाली होती?"

"हो ना. आपूच्या टायमाला. म्हंजी मोठी पोरगी, अपेक्षा. सातव्या महिन्यात निघाली. परभणीला सुया घ्याव्या लागल्या. बाळंत झाले आन् गेली."

"त्यानंतर दरवर्षी तपासत होता?"

"न्हाई. गेली म्हणले तर कशाला तपासायची?"

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "बरं. अंगावर किती दिवस पाजलंत?"

"पोरीला चार महिने. पोराला एक दिवसबी न्हाई."

"का हो?"

"माझं दूध कडू होतं," राजेश्री म्हणाली. आपला रक्तगट सांगावा, इतक्या सहज म्हणाली.

 नर्मदाबाईंनी मांडीवरची पिशवी उगाच उघडली, उगाच बंद केली.

"कडू? हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला लागतं मॅडम? लेकरानं तोंड फिरवलं. तोंडात दिलं की किंचाळायची. मी बोटावर घेऊन चाखून बघितलं. निव्वळ जहर."

"अहो, असं बाईचं दूध जहरासारखं कडू होत नाही कधी."

"माझं होतं," राजेश्री हट्टानं म्हणाली. तेरा वर्षं उराशी धरलेली गोष्ट ती अशी एका वाक्यासरशी सोडून देणार होती होय?

डॉक्टरांनी वाद घातला नाही. फक्त समजावून सांगितलं. गरोदरपणात शुगर निघालेल्या बाईला पुढं कधीतरी ती पुन्हा व्हायची भीती जास्त असते. अशा बाईनं अंगावर पाजलं तर ती भीती कमी होते, आणि जेवढे जास्त महिने पाजलं तेवढी जास्त कमी होते. बीपीचंही तसंच. दूध करायला अंगातली साखर, चरबी खर्ची पडते, शरीराची घडी पुन्हा नीट बसते. "सगळ्यांना वाटतं पाजणं म्हणजे लेकराच्याच भल्याचं," डॉक्टर म्हणाल्या. "आईच्याही भल्याचं असतं. पण ते कुणी आईला सांगतच नाही."

सांगितलं होतं. कुणीतरी सांगितलं होतं, आणि कुणाला सांगितलं होतं ते त्या खोलीत एकट्या नर्मदाबाईंना ठाऊक होतं.

"आजी, तुम्ही किती लेकरं पाजलीत?"

"पाच," नर्मदाबाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. "दोन-दोन वर्सं. ह्या जीवनला तर तीन वर्सं."

"बघा!" डॉक्टर राजेश्रीकडं बघून म्हणाल्या. बिचारीच्या मनात काही नव्हतं. पण नर्मदाबाईंना भर बाजारात कुणी कानफटात मारल्यासारखं झालं.

राजेश्री औषधांच्या खिडकीपाशी रांगेत उभी राहिली, तेव्हा नर्मदाबाई चष्मा विसरला असं सांगून परत आत गेल्या. चष्मा पिशवीतच होता.

"डॉक्टरीणबाई, एक इचारते. समजा, एखाद्या बाईचं पाजणं घरच्यांनीच तोडलं. अन् पुढं तिला शुगर झाली. तर मंग ती त्याच्यामुळंच झाली म्हणायची का?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडं जरा निरखून बघितलं. "आजी, एका बाईचं असं ठामपणे नाही सांगता येत. पाजलं असतं तर झालीच नसती, असं मी म्हणणार नाही. हिच्या आईलाही शुगर आहे म्हणते. वजन आहे, काम आहे, खाणं आहे. पण पाजलं असतं तर टळायची शक्यता वाढली असती, किंवा दहा वर्षं उशिरा आली असती. तेवढं नक्की म्हणेन."

नर्मदाबाईंना खरं तर दोन्हीपैकी एक काहीतरी हवं होतं. हो, तुमच्यामुळंच झालं, असं म्हणाली असती तर रडून मोकळ्या झाल्या असत्या. नाही, तुमचा काही संबंध नाही, म्हणाली असती तर देवाला नारळ फोडला असता. बाईनं दोन्हीतलं काहीच दिलं नाही. तेवढं गाठोडं आहे तसंच घेऊन त्या बाहेर आल्या.

आता ती गोष्ट सांगायलाच हवी.

तेरा वर्षांपूर्वी परभणीच्या दवाखान्यातून राजेश्रीला घरी सोडलं, त्या दिवशी ती आत लुगडं बदलत होती आणि नर्मदाबाई आपूला कुंचीत गुंडाळून बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. एक सिस्टर कागद घेऊन आली. "तुमच्या सुनेला शुगर निघाली होती ना? दोन वर्षं अंगावर पाजायला सांगा तिला. तिच्याही तब्येतीला चांगलं असतं, शुगर परत यायची भीती कमी होते. आणि वर्षाला एकदा तपासून घ्या. सांगाल ना?"

"सांगते की," नर्मदाबाई म्हणाल्या होत्या.

नाही सांगितलं. विसरल्या असत्या तर गोष्ट वेगळी. विसरल्या नव्हत्या. सिस्टरच्या सगळ्या बोलण्यातले दोनच शब्द त्यांच्या डोक्यात घुमत राहिले, 'दोन वर्षं'. अंगावर पितं लेकरू असलं की लवकर दिवस राहत नाहीत, हे त्यांना स्वतःच्या पाच बाळंतपणांवरून पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षं पाजायचं, मग पुढं कधी दिवस जायचे, मग कधी नातू व्हायचा? त्यांना नातू हवा होता आणि लवकर हवा होता. दुसरं काही कारण नाही. नवरा बन्सीधर तेव्हा हयात होते, ते तर नात झाली म्हणून गावभर पेढे वाटत फिरत होते. तेव्हा त्यांच्या माथी काही मारता येत नाही. जीवनच्याही नाही. हे सगळं एकट्या नर्मदाबाईंचं.

लेकरू दोन-तीन वर्षांचं झालं की त्याचं पाजणं तोडायला बायका कोरफडीचा पिवळा चीक छातीला लावतात. लेकरू एकदा तोंड लावतं, थू थू करतं, आठ दिवसांत विसरतं. घरोघरी चालत आलेली गोष्ट आहे, त्यात काही वावगं नाही. पण ती आईला सांगून करतात, आणि चालत्या-बोलत्या लेकराला करतात. नर्मदाबाईंनी ती चार महिन्यांच्या आपूवर केली, आणि राजेश्रीच्या नकळत केली. तिला छातीला भेगा पडल्या होत्या. पोरगी एकवीस वर्षांची, माहेर लांब. "हे घे," म्हणत नर्मदाबाईंनी खोबरेल तेलात चीक घोटून तिला डबी दिली. "पाजल्यावर लावायचं, धुवायचं न्हाई. गुण जातो."

राजेश्रीनं मनोभावे लावलं.

आपूनं तोंड लावलं आणि फिरवलं. पुन्हा लावलं, पुन्हा फिरवलं. दुसऱ्या दिवशी राजेश्रीला नुसतं जवळ येताना बघूनच ती पोर किंचाळायला लागली. त्यात तिला दोन दिवस जुलाब झाले. त्या जुलाबांना नर्मदाबाई मनातून टरकल्या होत्या, देवापुढं दिवा लावून नाक घासलं होतं त्यांनी. पण तोंडानं काय म्हणाल्या? "बघ, तुझं दूध मानवंना लेकराला." आणि आपू त्यांनी आपल्या मांडीवर घेतली. म्हशीचं दूध पाणी घालून वाटी-चमच्यानं पाजलं. भुकेजलेली पोर, गटागटा प्याली. राजेश्री उंबऱ्यात उभी राहून बघत होती. त्याच दिवशी तिनं बोट छातीला लावून जिभेवर ठेवलं. पचकन थुंकली, आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

नर्मदाबाईंना तेव्हा वाईट वाटलं होतं का? वाटलं होतं, थोडं. पण होईल सवय, असं म्हणून त्यांनी ते झटकलं. पुढं वर्षा-दीड वर्षात राजेश्रीला दिवस राहिले आणि हरिओम झाला. नातू! नर्मदाबाईंना वाटलं, आपली युक्ती फळाला आली.

आणि इथं ती युक्ती त्यांच्यावरच उलटली. हरिओमला त्यांनी न्हाऊ-माखू घालून राजेश्रीजवळ दिलं आणि म्हणाल्या, "घे, पाज." राजेश्रीनं पोराला जवळच घेतलं नाही. "नको आत्याबाई. एका लेकराचे हाल केले तेवढे बस झाले. कडू दूध कशाला पाजू पोराला?" तिनं पहिल्या दिवसापासून बाटली लावली. छाती दगडासारखी झाली, अंगात ताप चढला, पोलकं भिजून चिंब व्हायचं. तीन दिवस ती न्हाणीत बसून दूध पिळून मोरीत सोडत होती आणि हुंदके देत होती. नर्मदाबाई दाराबाहेर उभ्या. एका शब्दाचं काम होतं. 'कडू न्हाई गं, मी केलं होतं,' एवढं म्हटलं असतं तर! तो शब्द त्यांच्या जिभेवर आला आणि त्यांनी तो गिळला. नातवाला बाटलीनं दूध पाजून पाजून वाढवलं.

चार महिन्यांवर तोडायला गेल्या आणि राजेश्रीचं पाजणं कायमचं तोडून बसल्या.

पाथरीच्या स्टँडवर राजेश्रीनं बिनसाखरेचा चहा घेतला. एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं आणि हसली. "आता जल्मभर असाच का आत्याबाई?"

नर्मदाबाईंना चहा गेला नाही. गाडीत त्यांनी दोनदा बोलायला सुरुवात केली. एकदा कंडक्टर आला, एकदा धीर गेला. त्यांना भीती कशाची होती म्हणाल तर ती राजेश्रीच्या रागाची नव्हती. राग आला असता, चार शिव्या खाल्ल्या असत्या. त्यांना भीती होती आपूची. आपू वाढली ती आजीच्या मांडीवर, आजीच्या हातून खाऊन, आजीच्या कुशीत झोपून. शाळेतून आली की आधी 'आजी' म्हणून हाक. आईशी बोलणं म्हणजे वही पाहिजे, सही पाहिजे, एवढंच. गावात म्हणायचे, नातीला आजीचा लय लळा. नर्मदाबाई फुशारून ऐकायच्या. तो लळा आपल्याकडं कोणत्या वाटेनं आला हे कळल्यावर ती पोरगी आपल्याकडं कशी बघेल? पाच लेकरांची आई होती ती म्हातारी, पण जीव होता तो एका आपूत.

फाट्यावर जीपनं दोघींना सोडलं. तिथून गाव पायी वीस मिनिटं. दोन्हीकडं कापूस, वेचणाऱ्या बायकांच्या लांबून हाका. चालताना एकमेकींच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, एवढं एक बरं असतं.

"राजेश्री, तुझं दूध कडू न्हवतं."

"त्या मॅडमचं ऐकून बोलायलाव व्हय?"

"न्हाई. मी कडू केलतं."

राजेश्री चालतच राहिली. नर्मदाबाईंनी सगळं सांगितलं. सिस्टर, दोन वर्षं, वर्षाला तपासायचं ते, कोरफड, सगळं. काही राखून ठेवलं नाही.  ओढ्याच्या पुलापाशी राजेश्री थांबली आणि कठड्यावर बसली.

"भेगांच्या औषधात?"

"हां."

"लेकराला जुलाब झाले ते?"

"त्याच्यानंच असतील गं माय."

"तुमीच मला देवीला घेऊन गेलता. माझं दूध गोड होऊ दे म्हून नवस बोलायला लावलाव. मी अनवाणी गेलते."

"हां."

 राजेश्रीनं विचारलं, "आन् हरिओमच्या टायमाला काऊन न्हाई सांगलंत? तव्हा तर पोरगा झालता. तव्हा काय आडवं आलं?"

याच प्रश्नाला नर्मदाबाई इतकी वर्षं टाळत होत्या.  

"भ्याले," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"तुला."

"मला?" राजेश्री हसली. ते हसणं ऐकवत नव्हतं. "मी तुमच्यापुढं डोक्यावरला पदर खाली पडू देत न्हवते. मला भ्यालाव?"

"चुकलं माझं, पोरी. लय मोठं चुकलं. तू म्हणशील ते…"

"शुगरचं जाऊ द्या आत्याबाई. शुगर माझ्या मायलाबी हाय, मला झालीबी असती. त्याचं भांडण मी तुमच्याशी कशाच्या जोरावर करू?" तिनं औषधाची पिशवी कठड्यावर ठेवली. "पण आपू माझ्याजवळ येत न्हाई. मला वाटायचं, हिला जल्मापासूनच मी नको हाय. अंगावरलं लेकरू तोंड फिरवतंय, तर आईनं काय करावं हे मला कुणी शिकवलं न्हवतं. मग मीबी फिरवलं. तेरा वर्सं झाली, आत्याबाई. शुगरला गोळी दिली मॅडमनी. ह्याला काय घेऊ?"

नर्मदाबाई रस्त्यातच उभ्या राहून रडायला लागल्या. समोरून एक सायकलवाला आला, बघत बघत गेला. राजेश्रीनं डोळे पुसले, औषधाची पिशवी उचलली.

"आपूला तुमीच सांगा. आजच. मी तिथं थांबणार न्हाई, मला बघवायचं न्हाई ते."

"काय सांगू तिला?"

"केलं ते."

घरी आल्यावर राजेश्री सरळ चुलीकडं गेली. नर्मदाबाई ओसरीवर बसल्या. हरिओम क्रिकेट खेळायला पळालेला. आता आपल्या नर्मदाबाई काही साधीभोळी बाई नव्हेत. तुझ्या आईचं दूध कडू नव्हतं, लोकांचा उगा गैरसमज झाला, असं अर्धंमुर्धं सांगून सुटायची हिकमत त्यांना सुचली. दोनदा सुचली. गावातल्या कुणालाही त्यांनी तसं गुंडाळलं असतं. पण मघाचं ते 'मग मीबी फिरवलं' कानातून जाईना.

साडेपाचला आपू आली. सायकल भिंतीला लावली आणि दप्तर पाठीवर तसंच ठेवून आधी विचारलं, "आजी, मम्मीचं काय निघालं?"

"शुगर निघाली, बीपीबी हाय. गोळ्या दिल्यात. बस इथं. मला तुला एक सांगायचंय."

आपू बसली. नर्मदाबाईंनी सांगितलं. सरळ सांगितलं. तुझ्या आईचं दूध चांगलं होतं, मी त्याच्यावर कडू लावलं, तू तिच्यापासून तुटलीस ती माझ्यामुळं. मला नातू पाहिजे होता म्हणून. आईला दोन वर्षं पाजायला सांगा, तिची शुगर परत यायची भीती कमी होईल, असं सिस्टरनं सांगितलं होतं, ते मी तिच्यापासून लपवलं. पाजलं असतं तर कदाचित आज तिला ही शुगर नसती, कदाचित असती. डॉक्टरीणबाईलाबी सांगता येईना.

मान वर करायची त्यांची हिंमत होईना. पोरगी आता रडेल, ओरडेल, हात झटकून जाईल, याची वाट बघत त्या बसल्या.

"म्हंजी मम्मीला माझ्यामुळं न्हाई झालं?" आपूनं विचारलं.

नर्मदाबाईंना कळेना. "तुझ्यामुळं? तुझा काय संबंध?"

"मी पोटात होते तव्हा शुगर झाली ना तिला? तूच सांगतीस की सगळ्यांला. कुणीबी आलं की सांगतीस, आपूच्या पायी हिला सुया घ्याव्या लागल्या, आपूनं आईचं रक्त गोड केलं. मी लहानपणापासून ऐकायलेय." ती दप्तराचा पट्टा ओढत राहिली. "मला वाटायचं मम्मीला माझा राग हाय त्याच्यापायी. म्हून मी जात न्हाई तिच्याजवळ. आठ दिवस झाले ती वावरात पडली तव्हापून मला झोप न्हाई, आजी."

हे नर्मदाबाई म्हणत होत्या खरं. कौतुकानं म्हणत होत्या, बायकांत बसून, हसत हसत. शंभरदा म्हटलं असेल. त्यात आपण काही वाईट केलं असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं, म्हणून पुलावर कबूल करायलाही ते आठवलं नव्हतं.

"न्हाई गं माझे माय. तुझ्यामुळं न्हाई. तू काईच केलं न्हाईस." त्यांनी आपूच्या पाठीवरून फिरवायला हात उचलला.

आपू उठली. दप्तर तिथंच टाकलं आणि आत गेली.  आतून पीठ मळल्याचं ऐकू येत होतं, मग ते थांबलं.

"मम्मी, भाकर मी थापू?"

"तुला कुठं येती?"

"शिकव की."

परात सरकल्याचं ऐकू आलं. मग राजेश्रीचा आवाज आला. "इकडं ये. अशी जवळ बस. पाणी लय घेऊ नको हाताला."

नर्मदाबाई ओसरीवर बसून राहिल्या. पदराचा बोळा तोंडात धरून रडल्या, म्हणजे आत आवाज जायला नको. थापण्याचा आवाज येत होता, एक जोराचा सराईत, एक बिचकत. एक भाकर झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. हरिओम खेळून आला, हातपाय धुऊन आत पळाला, त्याला ताट वाढल्याचं ऐकू आलं. जेवायला चला, असं आतून कुणी म्हटलं नाही.